गोव्यात प्रॅक्टिस सुरू करतोय, पहिली पुस्तकं कोणती घेऊ?

वाळपईकर_नवा

नमस्कार मंडळी. यंदा सनद मिळाली, बार एक्झामही निघाली, आणि पुढच्या महिन्यापासून म्हापशाला एका सिव्हिल सिनियरकडे बसणार आहे, डिस्ट्रिक्ट कोर्टाची मॅटरं असली की मेरशीला जावं लागेल. कॉलेजची गाईडं आता उपयोगाची नाहीत एवढं कळतंय पण त्यांच्या जागी काय घ्यायचं ते कळत नाही. एक जण म्हणतो मुल्लाच्या सीपीसीचे (दिवाणी प्रक्रिया संहितेवरचे) सगळे खंड घे, दुसरा म्हणतो वेलमनचं क्रॉस एक्झामिनेशनवरचं पुस्तक वाच बाकी सगळं आपोआप येतं, तिसरा म्हणतो कसली पुस्तकं, मोबाईल आहे ना. खिशात दहाएक हजार आहेत आणि सिनियर सुरुवातीला काय देतील ते बोडगेश्वरालाच ठाऊक.

मला हवंय ते असं. रोजच्या कामाला, म्हणजे ड्राफ्टिंग आणि प्रोसिजरला काय. रिसर्च कसा करायचा हे शिकवणारं काय. आणि एथिक्सवर खरंच वाचण्यासारखं काही आहे का, कारण कॉलेजात तो पेपर म्हणजे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टची कलमं पाठ करणं एवढाच होता. शिवाय घरात कळलंय की मी वकील झालो, त्यामुळे जो तो इन्व्हेंटरीचं (वारलेल्या माणसाची मालमत्ता वारसांत वाटायच्या गोव्यातल्या कोर्ट प्रक्रियेचं) विचारतोय आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

फोंड्याचा_सिव्हिलवाला

मुल्लाचे खंड घेऊ नकोस बाबा, सिनियरच्या ऑफिसात असणारच, नसले तर बार रूममध्ये असतील. त्याच मुल्लाचं एक छोटं पुस्तक आहे, की टू इंडियन प्रॅक्टिस, त्यात आख्खी सीपीसी थोडक्यात आहे, दावा दाखल होण्यापासून दरखास्तीपर्यंत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीपर्यंत) काय कशानंतर येतं ते डोक्यात बसतं. ते आधी वाच. प्लीडिंगसाठी (दावा, जबाब लिहायला) मोघाचं पुस्तक. कन्व्हेयन्सिंगसाठी (खरेदीखत वगैरे दस्तांना) डिसोझाचे फॉर्म्स, पण जुनी कॉपी मिळाली तरी चालेल, नवीन महाग आहे.

आता खरी गोष्ट. या पुस्तकांतला सेल डीडचा नमुना उचलून गोव्यात वापरलास तर फसशील. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, दोघांचा अर्धा अर्धा, आणि स्थावर मालमत्ता विकायला दोघांची संमती लागते. पुण्या-मुंबईचा फॉर्म घेऊन आलेला माणूस एकट्या नवऱ्याची सही घेऊन मोकळा होतो आणि मग दहा वर्षांनी बायको किंवा तिचे वारस दारात उभे. म्हणून तुझे निम्मे पैसे लोकल कायद्यांवर घाल. लँड रेव्हेन्यू कोड १९६८, कुळांचा १९६४ चा कायदा, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) कायदा १९७५, टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग (टीसीपी) १९७४, कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्था) कोड, आणि सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसिडिंग अ‍ॅक्ट. शेवटच्याच्या नावात २०१२ आहे पण लागू झाला डिसेंबर २०१६ ला, हे लक्षात ठेव. कूळ कायद्यात आणि टीसीपीमध्ये इतक्या दुरुस्त्या झाल्यात की दुकानातली जुनी कॉपी घेण्यात अर्थ नाही, सरकारी प्रिंटिंग प्रेसच्या साईटवरून गॅझेट काढून प्रत्येक दुरुस्ती कलमाशेजारी स्वतःच्या हाताने लिही. कंटाळवाणं आहे, पण नंतर कलम सापडायला वेळ लागत नाही.

आणि हायकोर्टाने खालच्या कोर्टांसाठी काढलेलं सिव्हिल मॅन्युअल. नव्या पोरांना ते असतं हेच माहीत नसतं. नक्कल कशी मागायची, समन्सचं काय, रेकॉर्ड कसं ठेवतात, शिरस्तेदार (कागद तपासणारा कोर्टाचा कर्मचारी) ज्या गोष्टींवरून ऑब्जेक्शन काढतो त्यातल्या बऱ्याचशा तिथे आहेत.

पर्वरी_पायरी

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी हायकोर्टात ज्युनियर आहे, रिसर्च हेच माझं काम त्यामुळे तेवढ्यावर लिहिते.

रिसर्चवरचं एकच पुस्तक घ्यायचं तर ग्लॅनव्हिल विल्यम्सचं लर्निंग द लॉ. पहिली आवृत्ती १९४५ ची, इंग्लंडच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं, तरी निकाल कसा वाचायचा, रेशो (निकालाचा बंधनकारक मुद्दा) कुठला आणि जाता जाता जज्जने मारलेला शेरा कुठला, हे त्याच्याइतकं सोपं करून कोणी सांगितलेलं नाही. त्यानंतर जी. पी. सिंग यांचं स्टॅट्युटरी इंटरप्रिटेशन, पण ते विकत घेऊ नकोस, लागेल तेव्हा लायब्ररीत बसून तेवढा चॅप्टर वाच.

पुस्तकात नसलेली गोष्ट गोव्याच्याच उदाहरणाने सांगते. समज अशिलाचं कोणाकडून तरी जुनं येणं आहे आणि मुदत संपलीय की नाही हा वाद आहे. तू सर्च मारलास, तुला १९७९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सापडला की पोर्तुगीज सिव्हिल कोडमधल्या मुदती हा गोव्याचा लोकल लॉ आहे आणि त्या टिकतात. सुप्रीम कोर्ट, गोव्याचंच प्रकरण, तुझ्या बाजूने, अजून काय पाहिजे. तू खूश होऊन यादीत टाकलास. समोरचा उठतो आणि २००१ चा सिंडिकेट बँकेचा निकाल देतो, त्यात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की १९६३ चा लिमिटेशन अ‍ॅक्टच लागणार. संपलं. १९७९ चा निकाल आजही इंटरनेटवर जसाच्या तसा आहे, त्यावर कुठे लाल फुली मारलेली नाही. म्हणून निकाल सापडला की काम अर्धंच झालं, तो पुढे कोणी कोणी सायट केला, कोणी वेगळा काढला, कोणी मोडला हे बघितल्याशिवाय फाईलमध्ये लावायचा नाही. इंडियन कानून या साईटवर सायटेड बायचा दुवा असतो, फुकट आहे, तेवढा तरी दाब.

माझी पद्धत सांगते, सगळ्यांना पटेलच असं नाही. आधी कलम, मग त्या कलमातली दुरुस्ती कधी लागू झाली, मग सुप्रीम कोर्टाचा सगळ्यात अलीकडचा निकाल आणि तिथून मागे मागे. मागून पुढे येणारे बहुतेक वेळा वाटेत थांबतात. आणि हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) कोर्टात वाचायची नाही, ती रिपोर्टरवाल्याने लिहिलेली असते, जज्जने नाही. आमच्याकडे एखादे जज्ज पॅरा नंबर विचारतात आणि तिथेच कळतं कोणी निकाल वाचलाय.

सुप्रीम कोर्टाचे अधिकृत रिपोर्ट ई-एससीआर या साईटवर २०२३ पासून फुकट आहेत. न्यूट्रल सायटेशनपण (कोर्टानेच निकालाला दिलेला क्रमांक) आता आलंय, गोव्याच्या बेंचचं असेल तर त्यात बीएचसी-गोवा असं येतं, त्यावरून आपला निकाल पटकन ओळखता येतो. जुन्या गोवा निकालांसाठी गोवा लॉ टाइम्सचे अंक बघ, काही गोष्टी तिथेच सापडतात.

रील_बघणारा

एवढं कोण करतं हो. एआयला विचारा, दहा निकाल सायटेशनसकट देतो. 😄

पर्वरी_पायरी

हो देतो, त्यातले किती खरे असतात ते पण त्यालाच विचारा. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असेच निकाल लावले, ते निकाल जगात कुठेच नव्हते, कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. दंडापेक्षा पुढे जन्मभर त्या कोर्टात तोंड दाखवायचं ते कठीण. गोव्यात तर कोर्टं मोजून किती, कोण काय करून बसला ते दुपारच्या चहापर्यंत पेडण्यापासून काणकोणापर्यंत पोचतं.

मी वापरत नाही असं म्हणत नाहीये. लांबलचक निकालाचा गोषवारा काढायला, ड्राफ्टमधलं इंग्लिश नीट करायला ठीक. पण अशिलाचे कागद त्यात टाकताना थांब. वकील-अशील यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवायचं हे आधी एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या १२६ मध्ये होतं, आता त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमाच्या १३२ मध्ये आहे, आणि तू ते बोलणं कुठल्या सर्व्हरवर पाठवतोयस याचा विचार तूच करायचास.

मडगाव_क्रिमिनल

नवा सिव्हिलला बसतोय तरी दोन शब्द. वेलमन १९०३ चा आहे, अमेरिकेतला आहे, ज्युरीसमोर नाटक कसं करायचं ते छान रंगवून सांगतो. कथा म्हणून वाच, मजा येते, प्रवासात वाचण्यासारखं. पण आपल्याकडे ज्युरी नाही, साक्षीदाराचं उत्तर जज्ज टाईप करून घेतो आणि अपीलात तोच कागद बोलतो, तू आवाज किती चढवलास ते कागदावर येत नाही. आपल्याकडची उलटतपासणी म्हणजे पोलिसांसमोरच्या जबाबाच्या उलट साक्षीदार कोर्टात बोलला तर ते रेकॉर्डवर कसं आणायचं. जबाबातला तेवढा भाग त्याला दाखवायचा, त्याने नाकारलं की पोर्शन मार्क ए करून घ्यायचं (तेवढ्या भागावर खूण करून घ्यायची), आणि मग तपास अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याच्याकडून ते सिद्ध करायचं. शेवटची पायरी विसरणारे सिनियरसुद्धा बघितलेत, मग आधीची सगळी मेहनत पाण्यात. हे वेलमनमध्ये नाही. सेशन्स कोर्टात मागच्या बाकावर बसून बघ आणि घरी जाऊन सरकारचं एव्हिडन्सवरचं पुस्तक उघड (सरकार हे लेखकाचं आडनाव आहे, गव्हर्नमेंट नाही, आमचा एक ज्युनियर प्रिंटिंग प्रेसमध्ये विचारून आला होता).

दुसरं, नवे तीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले म्हणून जुनी आयपीसी, सीआरपीसीची पुस्तकं रद्दीत घालू नका. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच लागते, आणि त्या दिवशी जे खटले चालू होते ते जुन्या सीआरपीसीनेच चालतात. पुढची कित्येक वर्षं दोन्ही लागणार. रतनलाल-धीरजलालच्या आयपीसीची जुनी आवृत्ती कोणी स्वस्तात काढत असेल तर डोळे मिटून घे. कलमांचा तक्ता मात्र स्वतः बनव, अटकपूर्व जामीन सीआरपीसीत ४३८ होता तो आता नागरिक सुरक्षा संहितेत ४८२, आणि जुना ४८२ म्हणजे हायकोर्टाची अंगभूत पॉवर, ती आता ५२८. या दोघांत अजूनही घोळ होतो लोकांचा, बोर्डावरसुद्धा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट, जुन्या एव्हिडन्स कायद्यात ६५बी, आता साक्ष्य अधिनियमात ६३, त्याचा नमुना कायद्याच्या शेवटी परिशिष्टात दिलाय, भाग अ आणि भाग ब असे दोन, आणि हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) लागते. सिव्हिलवाल्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाही. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज लावायला जाशील तेव्हा आठवेल.

डिचोलीची_वकीलताई

एथिक्सबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी.

वाचायला आधी पुस्तक नको, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला सहावा भाग, दुसरा चॅप्टर काढ. थोडीच पानं आहेत. कोर्टाशी कसं वागायचं, अशिलाशी कसं, समोरच्या पक्षाशी कसं, सगळं तिथे आहे. त्यातले चार-पाच नियम गोव्यात रोज आडवे येतात. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घ्यायचा नाही, हा नियम २०. आपल्याकडे जमिनीची मॅटरं, अशिलाकडे रोख नसते, तो म्हणतो जिंकलो की एक प्लॉट तुमचा. गोड बोलून नाही म्हणायचं. ज्या प्रकरणात तू वकील आहेस त्यातली मालमत्ता लिलावात स्वतः घ्यायची नाही, तो २२. ज्यात तू साक्षीदार होण्याची शक्यता आहे त्यात वकीलपत्र घ्यायचं नाही, तो १३, मृत्युपत्र स्वतः तयार करून स्वतःच साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांनी हा पाठ करावा. अशिलाच्या पैशाचा हिशोब वेगळा ठेवायचा, त्याचे नियम २५ पासून पुढे. जाहिरातबंदी ३६, म्हणजे रिल्ससुद्धा, मद्रास हायकोर्टाने २०२४ मध्ये ऑनलाईन साईटवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करायला सांगितलंय.

मग निकाल वाच, एथिक्स निकालांतून जास्त कळतं. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर, १९७५-७६ चं, मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या आवारात गिऱ्हाईक दिसलं की वकील धावत जाऊन ब्रीफ ओढायचे त्याबद्दल. रंगादुराई, १९७९, म्हाताऱ्या अशिलाकडून दाव्याचे पैसे घेतले आणि दावा लावलाच नाही. आर. डी. सक्सेना, २०००, फी थकली म्हणून अशिलाची फाईल अडवून ठेवता येत नाही. हा शेवटचा तर चेंबरच्या दारावर चिकटवायला हवा.

पुस्तकांत राजू रामचंद्रन यांचं प्रोफेशनल एथिक्सवरचं आहे, आजच्या धंद्याबद्दल बोलतं म्हणून आवडतं. सेव्हन लॅम्प्सचं सगळे सांगतील, पॅरीचं, १९२३ चं, परीक्षेत ते सात दिवे पाठ केलेच असशील, मला ते जरा उपदेशी वाटतं. त्यापेक्षा फली नरिमनांचं आत्मचरित्र वाच. भोपाळ वायुकांडाच्या प्रकरणात ते युनियन कार्बाईडचे वकील होते आणि नंतर त्यांनी उघडपणे म्हटलंय की पुढचं सगळं माहीत असतं तर ती केस घेतली नसती. कोणतंही प्रकरण घेणं हे वकिलाचं कर्तव्य की निवड, हा वाद त्या एका उदाहरणात जेवढा पेटतो तेवढा पाठ्यपुस्तकात नाही.

फोंड्याचा_सिव्हिलवाला

ताई, सगळं बरोबर, पण इन्व्हेंटरीत काय करायचं ते सांगा. आठ भावंडं, एक दुबईत, एक लिस्बनला, सगळी एकमताने एकाच वकिलाकडे येतात, वाटण्या आधीच ठरलेल्या असतात. आठ वकील करायला सांगू? पळून जातील.

डिचोलीची_वकीलताई

आठ कशाला. ज्याने अर्ज केला तो माझा अशील, हे पहिल्या दिवशी लेखी. बाकीच्यांना सांगायचं की मी तुमचा सल्लागार नाही, हवं तर तुमचा वकील करा, सही करण्याआधी कोणाला तरी दाखवा. एकमत असतं ते लिस्ट ऑफ अ‍ॅसेट्स येईपर्यंत. कुठल्या तरी काजूच्या बागेचं नाव येतं आणि मग एकमत संपतं. तेव्हा ज्या भावाला तू आधी सल्ला दिलेलास त्याच्याविरुद्ध उभं राहता येत नाही, नियम ३३ बघा.

फोंड्याचा_सिव्हिलवाला

तत्त्व मान्य. पण माझा अनुभव वेगळा, लेखी कागद काढला की गावची माणसं बिथरतात, यांना आमच्यावर भरवसा नाही म्हणतात. मी तोंडी सांगतो, सगळ्यांना एकत्र बसवून, आणि भांडण झालं तर सगळ्यांचंच सोडतो. एकाचंही ठेवत नाही.

डिचोलीची_वकीलताई

तोंडी सांगितलेलं बार कौन्सिलच्या डिसिप्लिनरी कमिटीसमोर कसं दाखवणार? सगळ्यांचं सोडता ते मात्र चांगलं करता.

वाळपईकर_नवा

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आभार सगळ्यांचे. तीन शंका. एक, पोर्तुगीज कोड इंग्लिशमध्ये कुठे मिळेल, आणि २०१६ नंतर त्यातलं उरलंय काय? दोन, सक्सेशनवर गोव्याचं म्हणून पुस्तक कोणतं? तीन, आजोबांची इन्व्हेंटरी करायचीय, बाबा आणि दोन काका वारस, एक काका जरा नाराज आहे, घरचे म्हणतात तूच लाव, बाहेर कशाला पैसे घालायचे. सिनियरच्या नावाने लावून मी काम केलं तर?

पर्वरी_पायरी

पहिल्या दोघांचं उत्तर देते. सरकारने इंग्लिश भाषांतर २०१८ मध्ये गॅझेटला काढलंय, ते डाउनलोड कर. वारसा, मृत्युपत्र, इन्व्हेंटरी याबद्दलचं नव्या कायद्यात आलं, कोडमध्ये मुख्यतः लग्नानंतरच्या मालमत्तेचं आणि कुटुंबाचं राहिलं, लग्न आणि घटस्फोटाचे १९१० चे वेगळे डिक्री आहेत. हिंदूंसाठी १८८० चा रूढींचा कोड आहे तो वेगळा. आणि २०१९ चा कुतिन्हो निकाल वाच, गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली तरी वारसा याच कायद्याने, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. मुंबईत फ्लॅट असलेले अशील आले की लगेच लागतो.

पुस्तक म्हणजे मनोहर उसगांवकरांचं फॅमिली लॉज ऑफ गोवा, दमण अँड दीव. नव्या कायद्याच्या आधीचं आहे, पण कल्पना समजायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जा, जुने पोर्तुगीज गॅझेटही तिथे आहेत. आपले जुने निकाल कुन्हा गोन्साल्विस आणि दियश फेरैरा यांची पोर्तुगीज भाष्यं सायट करतात, पोर्तुगीज वाचता येणारी वकील मंडळी आता कमी होत चाललीत, तू तरुण आहेस, जमलं तर शिकून घे, कामं आपणहून येतील.

डिचोलीची_वकीलताई

तिसऱ्याचं मी. नको. नियम ९ म्हणतो ज्यात स्वतःचा पैशाचा संबंध आहे त्यात उभं राहायचं नाही. बाबा जिवंत आहेत म्हणून तू आज वारस नाहीस असं तू म्हणशील, तांत्रिकदृष्ट्या मांडता येईल, पण नाराज काका ते ऐकून घेणार नाही, आणि त्याचा वकील पहिल्याच तारखेला हेच उठवेल. सिनियरच्या नावाने तू काम करणं हे तर त्याहून वाईट, त्यात तू सिनियरनाही ओढतोयस. घरच्यांना सांग की नियमात बसत नाही. फी वाचवायची असेल तर कागद तू गोळा करून दे, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले, फॉर्म १ आणि १४ (जमिनीचा उतारा), जुन्या रजिस्ट्रेशनचे उतारे, वकिलाचं अर्धं काम तेच असतं आणि तुझं शिक्षणही होईल.

फोंड्याचा_सिव्हिलवाला

मी लावतो वाटल्यास. फी घेईन पण. 😀 आणि ताईंनी सांगितलं तसं लेखी देईन, खास तुझ्यासाठी.

वाळपईकर_नवा

घरी सांगून बघतो, काकी आधीच म्हणते मुलाला एवढं शिकवून काय उपयोग. सध्या मुल्लाचं छोटं, लर्निंग द लॉ, लोकल बेअर अ‍ॅक्ट आणि नियमांचं प्रिंटआऊट एवढं घेतो, बाकी लायब्ररीत. पणजीत किंवा मडगावात जुनी लॉची पुस्तकं कोणी विकतं का?

मडगाव_क्रिमिनल

दुकानाचं माहीत नाही, पण बार रूमच्या नोटीस बोर्डावर लाव, प्रॅक्टिस सोडणारे किंवा जज्ज झालेले काढतात. माझ्याकडे वेलमन आहे, फुकट घेऊन जा, पहिल्या पानावर कोणाचं तरी नाव आहे ते बघू नको.